रॅम्पवरच्या तुळजाबाई

टाय रॉड सैल करून इंद्रजीतनं मान वर केली, तर समोरचा कॉम्प्युटरचा पडदा जांभळ्या-हिरव्या रेघांनी भरला होता. बघता बघता रेघाही गेल्या आणि पडदा काळाठिक्कर पडला.

शिक्रापूरच्या चौकापुढं हायवेला लागून इंद्रजीतचं चाकांच्या अलाईनमेंटचं वर्कशॉप. गाडी रॅम्पवर घेऊन माणसाच्या डोक्याच्या उंचीला उचलायची, चारही चाकांना चकत्या अडकवायच्या. खांबावरचे कॅमेरे त्या चकत्या बघतात आणि कुठलं चाक किती तिरपं आहे, ते कॉम्प्युटर लाल-हिरव्या पट्ट्यांत दाखवतो. पट्टी हिरवी होईपर्यंत खालच्या माणसानं टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, फिरवत राहायचं. पडदाच गेला, तर खालचा माणूस आंधळा. आणि टाय रॉड सैल असलेली गाडी रस्त्यावर सोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

त्यातून ही गाडी रिकामी नव्हती. मागच्या सीटवर दौंडच्या तुळजाबाई बसल्या होत्या. गाडी उचलण्याआधी इंद्रजीतनं त्यांना उतरायची विनंती केली होती.

“माझं गुडघं असलं हायती,” त्या म्हणाल्या होत्या, “की एकदा बसले की मुक्कामालाच उतरती. तू उचल गाडी. मी काय तुझ्या कामात हात घालत न्हाई.”

नातवासाठी, म्हणजे हृतिकसाठी, मुलगी बघायला त्या केंदूरला निघाल्या होत्या. गाडी डावीकडं ओढते, असं म्हणून हृतिकनंच ती हट्टानं इथं वळवली होती.

इंद्रजीतनं मशीनच्या इंजिनिअरला फोन लावला. “ग्राफिक्स कार्ड गेलं,” तो पलीकडून म्हणाला. “मी उद्या येतो. घाई असेल तर तिकडंच दुसरं मिळवून बसवा.”

फिरवून बोलणं इंद्रजीतला कधी जमलं नव्हतं. तो रॅम्पजवळ गेला. “आजी, चूक माझ्या मशीनची हाय. गाडी अशी सोडता येत न्हाई. दुसरी गाडी बघून देतो, तुम्ही केंदूरला जावा.”

“म्हंजी उतरायचं?”

“व्हय.”

“मग राहू दे. वर वारा बरा लागतोय.”

हृतिकनं मात्र त्याला बाजूला घेतलं. “दादा, सावकाश करा. अजिबात घाई न्हाई.”

“मुलगी बघायला निघालाय ना तुम्ही?”

“म्हणून तर. मला एवढ्यात लग्नच करायचं न्हाई. पण आजीला सांगायचं कुणी?”

चौकातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला ज्ञानेश कार्ड घेऊन आला. जुनं कार्ड तळहाताएवढं होतं. हे नवं दोन पंख्यांचं, विटेसारखं जड. “जुनं मॉडेल आता कुठं मिळतंय, शेठ? हे एका गेम खेळणाऱ्याच्या कॉम्प्युटरातलं हाय. तुमचं मशीन उडंल आता.”

उडणं लांबच, कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यात मावेना. आतली एक पत्र्याची पट्टी आडवी येत होती. आडवा येणारा पत्रा इंद्रजीतनं आजवर कधी सोडला नव्हता. त्यानं आतलं बाकी सगळं काढून ठेवलं आणि ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या तशा तुळजाबाई खिडकीतून वाकल्या.

“लेकरा, ते कॉम्प्युटरच हाय ना? मला वाटलं, खिडकीची जाळी कापतोयस.”

कार्ड बसलं. ज्ञानेशनं बटण दाबलं आणि फट् असा आवाज होऊन जळका वास सुटला. जुना पॉवर सप्लाय एवढ्या भुकेच्या पाहुण्याला पुरा पडला नव्हता. ज्ञानेश मोठा सप्लाय आणायला गेला आणि चौकात ट्रकांच्या रांगेत अडकला.

तोवर तुळजाबाईंना करमेना. त्यांनी वरूनच इंद्रजीतला गाव विचारलं, आडनाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, घरात कोण कोण तेही विचारलं. तो मलठणचा, घरी आई आणि धाकटा भाऊ. हत्यारं, पाने गोळा करता करता तो उत्तरं देत राहिला. गिऱ्हाईक अडकून पडलंय, तर निदान बोलून तरी मन रमू दे, एवढाच त्याचा विचार.

मग केंदूरहून मुलीच्या वडिलांचा, गेणबांचा फोन आला. पोहे निवत चालले होते.

“शिक्रापुरात हाय आम्ही,” तुळजाबाई म्हणाल्या. “न्हाई, पंक्चर न्हाई. कार्ड गेलंय. आधार न्हाई हो, दुसरं कसलं तरी. मी म्हणती, तुम्हीच या की पोरीला घेऊन. जवळच तर हाय.”

हृतिकचा चेहरा उतरला.

गेणबा आले, सोबत त्यांची सृष्टी. काठापदराची साडी, कारेगावजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासायची नोकरी. इंद्रजीतनं शेजारच्या हॉटेलातून पोहे मागवले, शिडी लावून तुळजाबाईंची डिश वर पोचवली आणि गेणबांना खुर्ची दिली. वर बघून बोलताना गेणबांची मान अवघडली.

“पोरी,” तुळजाबाई खिडकीतून म्हणाल्या, “स्वयंपाक येतो का, हे मी विचारणार न्हाई. एवढ्या उंचावरून विचारलेलं बरं दिसत न्हाई.”

“तुम्ही खाली आल्यावर विचारा, आजी,” सृष्टी म्हणाली. तुळजाबाईंना ते आवडलं.

ज्ञानेश सप्लाय घेऊन परतला. तोही डब्यात मावेना, म्हणून स्टुलावर ठेवून वायरी आत घेतल्या. पंखे घोंघावले, कार्डाला रंगीबेरंगी दिवे लागले आणि पडदा उजळला; पण अक्षरं एवढी मोठी, की एका वेळी अर्धाच आकडा दिसे. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, टाकायचा तर इंटरनेट हवं. बाकीच्यांच्या फोनवर नेट धरेना आणि हृतिकचा डेटा गेम खेळण्यात संपलेला.

“माझ्या फोनात असंल,” वरून आवाज आला. “सकाळचं कीर्तन ऐकलं की मी बंदच ठेवती.”

तुळजाबाईंच्या डेटावर काम झालं. पट्ट्या दिसायला लागल्या. इंद्रजीत पाना घेऊन गाडीखाली शिरला, ज्ञानेशनं कार्डाखालचा हात काढला आणि पडदा पुन्हा काळा. कार्ड वजनानं खाली लोंबत होतं. खालून हात दिला की चित्र येई, सोडला की जाई. लाकडाचा तुकडा लावून बघितला, तर तो पंख्याला लागून घरघरायला लागला. दुकान उघडं टाकून आलेला ज्ञानेश निघून गेला. हात द्यायची पाळी हृतिकवर आली.

त्याचा फोन वाजला. चित्र गेलं. पुन्हा वाजला. पुन्हा गेलं.

“सरका,” सृष्टीनं पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हातांनी कार्ड धरलं. “कुठली पट्टी बघायची, एवढं सांगा.”

“पुढचं डावं चाक,” खालून इंद्रजीत म्हणाला.

“लाल हाय. आत फिरवा. अजून. जास्त झालं, मागं घ्या. थोडंसंच.” तिची नजर पट्टीवरच होती. “आता हिरवं झालं. हात लावू नका.”

“उजवं?”

“लाल हाय. पण आधी डावं पक्कं करा, न्हाईतर ते हलंल.”

गाडीखाली इंद्रजीतचा हात थांबला. हे वाक्य तो स्वतः बोलणार होता. त्यानं डावा नट आवळला. असा आवाज पडद्याजवळ असला, की मान वर काढून बघावंही लागत नाही, हे त्याला आज पहिल्यांदाच कळलं. उजवं चाक कधी हिरवं झालं, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

वर खिडकीत तुळजाबाई पोह्यांची रिकामी डिश मांडीवर घेऊन सगळं बघत होत्या.

गाडी खाली आली. सृष्टीनं हात काढला तसा पडदा काळा झाला, पण आता त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. हृतिक एक चक्कर मारून आला. गाडी सरळ चालत होती.

तुळजाबाईंनी गेणबांना खिडकीशी बोलावलं. “गेणबा, आमच्या हृतिकचं मन न्हाई लग्नात. ते मला दौंडलाच ठावं होतं. गाडी काय डावीकडं ओढत नव्हती, हाच मागं ओढत होता.”

हृतिक चपलेकडं बघायला लागला.

“मग निघालात कशाला?” गेणबा म्हणाले.

“म्हटलं, तोंडानं सांगतोय का बघावं. न्हाई सांगितलं. पण माझी दुपार वाया गेली न्हाई.” त्यांनी फडक्याला हात पुसत उभ्या असलेल्या इंद्रजीतकडं बोट केलं. “ह्याचं गाव, आडनाव, मामा, सगळं विचारून घेतलंय मी. तुमच्यात बसतंय. चूक झाली तर पहिल्यांदा स्वतःहून सांगतो. आन् दोघांचं काम मी वरून बघितलंय. एवढं नीट कुणाला बघायला मिळत न्हाई, पोहे खाताना.”

इंद्रजीतचं फडकं हातातच राहिलं. गेणबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग मुलीकडं वळले.

सृष्टी खोचलेला पदर सोडवत होती. “त्यांना म्हणावं,” ती वडिलांना म्हणाली, “आधी हात धुऊन या.”

इंद्रजीत साबण शोधायला आत गेला. साबण नळापाशीच होता, पण तो सापडायला त्याला बराच वेळ लागला.