झनकलालभाऊ आणि गणिताचं जंक्शन

आमच्या मुर्री गावात लोकांच्या भिंतींवर बियाण्यांच्या जाहिराती असतात, नाहीतर मागच्या निवडणुकीतला हात जोडलेला एखादा उमेदवार. झनकलालभाऊंच्या कंपाउंडवर मात्र रेल्वेचा नकाशा आहे. ऑइलपेंटने, स्वतःच्या हाताने काढलेला. मधोमध मोठा लाल गोळा आणि त्यात लिहिलंय, 'बी.एस्सी. गणित जं.' तिथून चार लाइनी फुटतात. एक एम.एस्सी., पीएच.डी. करत प्राध्यापकीकडे जाते, दुसरी संख्याशास्त्राकडून बँक आणि विम्याकडे, तिसरी कॉम्प्युटरकडे, आणि चौथी बी.एड. करून शाळेत पोचते. कुणी नवा माणूस पत्ता विचारत आला की आम्ही सांगतो, "गणिताच्या भिंतीपासून उजवीकडे वळा."

हे गृहस्थ प्राध्यापक असावेत असा तुमचा समज झाला असेल तर तो काढून टाका. राइस मिलच्या धरमकाट्यावर ट्रक तोलण्यात त्यांनी जन्म काढला. स्वतः बी.एस्सी., गणितात कॉलेजात पहिले, आणि तरी काट्यावर. का, असं विचारलं की ते विषय बदलत, म्हणून हळूहळू कुणी विचारेनासं झालं. मिलमधले लोक अजून त्यांचे किस्से सांगतात. धानाने भरलेला ट्रक तोलताना ड्रायव्हर आत बसला असेल, तर रिकामा तोलतानाही तो बसलेलाच हवा, हा त्यांचा नियम. एकदा ड्रायव्हर मधल्या वेळात जेवून आला. झनकलालभाऊंनी त्याला अडवलं. "एका बाजूले उपाशी अन् दुसऱ्या बाजूले जेवलेला, असा चालत नाई. आता बस अर्धा घंटा."

त्यांचं आवडतं वाक्य एकच. "आवश्यक आहे, पुरेसा नाई." भाजीतलं मीठ, नवा रस्ता, पुढाऱ्याचं भाषण, सगळ्याला हेच माप. दवनीवाड्याच्या एका लग्नात भर पंगतीत कुणीतरी म्हणालं, नवरदेवाला सरकारी नोकरी आहे. झनकलालभाऊ मोठ्याने म्हणाले, "आवश्यक आहे, पुरेसा नाई." नवरदेवाच्या मामाने त्यांना ताटावरून उठवायचंच काय ते बाकी ठेवलं.

माझं आणि त्यांचं भांडण त्या भिंतीवरूनच झालं. मी अंगणवाडी सेविका. शाळेत असताना गणिताचा तास आला की मला ताप यायचा. त्यांची भिंत आमच्या गोठ्याच्या समोर, वर दिवसभर ऊन. मी तिच्यावर ओळीने गोवऱ्या थापल्या. संध्याकाळी झनकलालभाऊ आले आणि शांतपणे म्हणाले, "वैनी, तुमी पीएच.डी.वर शेन थापून राहिल्या."

"मंग कुठं थापू?" मी पण काही कमी नाही.

"बी.एड.वर थापा. तिकडं लय गर्दी झाली आहे."

तर असा हा माणूस. यंदा आमची लेक प्रणाली बारावी झाली आणि म्हणाली, मला गणितच घ्यायचं आहे. तिचे बाबा धानाची शेती करतात. ते म्हणाले, "गणित घेऊन काय होते? नर्सिंग कर, हाताले काम तरी भेटते." मी त्यांच्याच बाजूची होते, हे इथे कबूल करते. प्रणालीने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी झनकलालभाऊंना बोलावून आणलं.

मला वाटलं, आता गणिताची आरती होणार. पण त्यांनी आधी पोरीलाच धारेवर धरलं. "कायले पाहिजे तुले गणित? मार्क भेटते म्हनून?"

"नाई, मोठेबाबा," प्रणाली म्हणाली. "उत्तर चुकला तं कुठं चुकला ते सापडते म्हणून."

झनकलालभाऊ तांब्या उचलून गटागट पाणी प्यायले. मग जुन्या कॅलेंडरचं पान पालथं घालून ते लिहायला बसले. "पहिल्या वर्षी रडू येते. दुसऱ्या वर्षी रडू येत नाई, कारण काहीच समजत नाई. तिसऱ्या वर्षी एक दिवस अचानक समजते, तवा डिग्री भेटते. चौथा केला तं ऑनर्स."

"अन् नोकरी?" बाबांनी विचारलं.

"डिग्री आवश्यक आहे..."

"पुरेशी नाई," आम्ही तिघांनी एका सुरात म्हटलं.

ते जराही ओशाळले नाहीत. "म्हनून संग संख्याशास्त्र घ्याचा. कॉम्प्युटर शिकाचा. सुट्टीत घरी येऊन झोपाचा नाई, कुठंतरी काम कराचा. अन् बी.एड.ची गाडी शेवटी आहेच, ते कुठं पळून जात नाई."

बाबांनी ते पान बोट फिरवत दोनदा वाचलं. शेवटी म्हणाले, "जा. पन अर्ध्यातून परत आली, तं मंग मी म्हनन ते कराचा." प्रणालीने मान हलवली. आमचे हे बोलले की बोलले, त्यात बदल नाही.

नागपूरच्या एका कॉलेजात तिला गणित-संख्याशास्त्राची हवी ती जोडी मिळाली, हॉस्टेलही मिळालं. आणि इथून गंमत सुरू झाली. जी पोरगी बापाशी भांडून गणित मागत होती, तिची भूकच उडाली. आजवर ती घराबाहेर एक रात्र राहिली नव्हती. निघायच्या दिवशी शेतात धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू होती, म्हणून तिला पोचवायला मी एकटीच निघाले. गोंदिया स्टेशनवर बघते तो झनकलालभाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात तिकीट.

"कुठं निघाले भाऊजी?"

"तिरोड्याले. काम आहे."

गाडीत ते आमच्या समोर बसले आणि अखंड बोलत राहिले. प्रणाली मात्र गप्प. गंगाझरी गेलं तसा तिचा चेहरा उतरत गेला. तिरोडा जवळ आलं आणि तिने माझा पदर धरला. "आई, पोटात दुखून राहिलं. परत जाऊ न. मी नर्सिंग घेतो."

खोटं कशाला सांगू, माझा हात बॅगेकडे गेला होता. तिला घेऊन उतरावं आणि घरी जाऊन निवांत भात रांधावा, एवढंच मनात आलं.

"बरोबर आहे," झनकलालभाऊ म्हणाले. "इथंच दुखते."

"इथंच म्हंजे?" मी विचारलं.

"माझी बी सीट होती नागपूरले. एम.एस्सी.ची. माय फाटकापर्यंत आली होती सोडाले. तिरोडा आला, अन् असाच पोट दुखला. म्हनलं, उतरून पानी पितो. पेटी घेऊन उतरलो."

"पेटी घेऊन कोन पानी प्याले उतरते?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तेच न, वैनी. मले तवाच समजाले पाहिजे होता." ते हसले. "उलट्या गाडीनं घरी आलो. माय खुश झाली. तिनं भात वाढला. कोनी काही म्हनला नाई. कोनीतरी रागवाले पाहिजे होता."

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल केली. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल माया दाटून आली, आणि बॅगेकडे गेलेला हात मी मागे घेतला.

गाडी थांबली. ते उठले, प्रणालीची बॅग पायाने सीटखाली आत सरकवली आणि खाली उतरून खिडकीशी आले. "दर वर्षी येतो मी इथंवर, कोनी ना कोनी शिकाले जानारा असते. तिरोडा सुटला का पोट दुखाचा थांबते."

"तुमाले कसं मालूम?" प्रणालीने डोळे पुसत विचारलं. "तुमी तं उतरले होते."

"सगळे फोन करून सांगते न. मी नंतर कधी नागपूरले गेलो तं बसनं गेलो. या गाडीनं याच्या पुढं नाई गेलो. पुढचा मुंडीकोटा आला का तू बी फोन करजो."

गाडी सुटली. मुंडीकोट्याला प्रणालीने स्पीकरवर फोन लावला. पलीकडे अजून तिरोड्याच्या फलाटाचा गलका ऐकू येत होता.

"थांबलं, मोठेबाबा. खरंच थांबलं."

मग त्यांनी विचारलं, "खिडकीतून काय दिसून राहिलं तिकडं?"

प्रणालीने बाहेर पाहिलं. "धान. आपल्यासारखंच."

"हव काय," झनकलालभाऊ म्हणाले. "मले वाटला, काही वेगळा असन."