वस्ताद विरुद्ध लालटोप्या

जिंकल्यावर हरणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. आमचे सिंधीपुऱ्यातले शेजारी, सुपडू वस्ताद. ते समोरच्याला आडवं करतात, "झालं!" म्हणून माउस सोडतात आणि मिशीवरून हात फिरवतात. तेवढ्यात आडवा झालेला माणूस निवांत उठतो आणि त्यांच्या पोटात तलवार खुपसतो.

"धोका!" वस्ताद खुर्चीतून अर्धे उठून ओरडतात. "खुल्ला धोका आहे हा, बेटा! चित झालेला माणूस उठून कसा राहिला?"

"काका, गेममध्ये चित नसतं."

"मग काय असतं?"

"मरेपर्यंत लढायचं असतं."

यावर ते माझ्याकडे असं बघतात, जणू हा नियम मीच केला आहे.

वस्तादांचं अर्धं आयुष्य केळीचे घड उचलून ट्रक भरण्यात गेलं आणि उरलेलं माणसं उचलून आपटण्यात. आता सत्तरीला आले आहेत, पण कान अजून पहिलवानाचे, मुडपलेले. कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागला, मग हात द्यायचा, उठवायचं आणि गळ्यात पडायचं, ही त्यांची शिकवण. सगळं बुऱ्हाणपूर त्यांना वस्ताद म्हणतं. मी काका म्हणते.

त्यांची आणखी एक खोड गल्लीला पाठ आहे. पडलेलं काही त्यांना बघवत नाही. आडवी झालेली सायकल, वाऱ्याने पडलेली दुकानाची पाटी, आमच्या अंगणातला खराटा, जे दिसेल ते उभं करतात. "झाडू उभा ठेवू नका हो, अवदसा येते घरात," आई दरवेळी सांगते. काकांचं दरवेळी एकच उत्तर असतं, "येऊ दे, तिला पण बसवू." एकदा शनवारा वेशीच्या दरवाजापाशी सावलीत झोपलेल्या हातगाडीवाल्याला त्यांनी बगलेत हात घालून सरळ उभं केलं.

"काय झालं रे भो?"

"काही नाही वस्ताद, झोपलो होतो!"

"मग बसून झोप ना!"

काकू गेल्या तेव्हा मी कॉलेजसाठी इंदूरला होते. पडण्याचं निमित्त झालं, एवढंच मला माहीत होतं. त्यानंतर काकांनी स्वयंपाकघरातल्या चकचकीत टाइल्स स्वतः उखडल्या आणि खडबडीत दगडी फरशी घातली. अनवाणी चाललं तर तळपायाला गुदगुल्या होतात अशी. लोक हसले. एकटा माणूस तिथं सकाळचा चहा करतो, त्याला ही घाटावरची फरशी कशाला?

मी स्वतः फार बोलत नाही. इंग्रजी शाळेत मराठी बोलायची चोरी होती आणि गल्लीत इंग्रजी, त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहायचं वळण पडलं. कॉलेज संपवून घरी आले आणि नोकरीची वाट बघत खोलीत गेम खेळू लागले. खिडकीला पडदा लावला होता. एके दिवशी काकांचा फोन अडकला म्हणून आईने त्यांना थेट माझ्या खोलीत पाठवलं. फोन दोन मिनिटांत सुटला, पण काकांची नजर स्क्रीनवरून सुटेना.

"हा गडी असा लडखडतो का गं? दारू प्यायलाय?"

मी समजावलं. बहुतेक गेममध्ये बटण दाबलं की आयता वार होतो, इथं तसं नाही. माउस जिकडे न्याल तिकडे तलवारीचा हात जातो, पाय वेगळ्या बटणांवर, आणि डाव्या रिकाम्या हाताने पकडायचं असेल तर आणखी एक बटण. शिवाय तलवारीला खरं वजन आहे. उगाच जोरात फिरवली तर तलवारीमागे माणूसही फिरतो आणि तोंडावर आपटतो.

इतकं सलग मी कितीतरी दिवसांत बोलले नव्हते. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि उंबऱ्याबाहेर जाऊन चपला काढून आले.

"सरक."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला काका हजर. आल्या आल्या बाह्या वर करायच्या, माउसखालच्या रबरी तुकड्याला बोटं लावून कपाळाला लावायची, मग बसायचं. सुरुवातीला लढाईच झाली नाही. त्यांचा गडी उभा राहायचा, एक पाऊल टाकायचा आणि स्वतःच्याच तलवारीला अडखळून पडायचा. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला शत्रू ताटकळत उभा.

"त्याला सांग, थांब म्हणावं. येऊन राहिलो."

गडी डावीकडे झुकला की काकाही खुर्चीत डावीकडे झुकत. एकदा जास्तच झुकले आणि खुर्चीसकट खाली आले. पडल्या पडल्या त्यांनी आधी खुर्ची उभी केली. आई पोहे घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "वस्ताद, खेळ आत चालू आहे का बाहेर?"

हळूहळू जमू लागलं. आधी पाय रोवायचा, मग कंबर वळवायची, तलवार शेवटी. "घड पण असाच उचलावा लागतो, बेटा. हाताने ओढला की गेला खांदा." त्यांचा गडी आता चालताना डुलायचा, पण पडायचा नाही. लहानसहान शत्रू हरू लागले. ते एका घावात संपत, त्यामुळे चित-बित प्रश्न येत नव्हता.

मग आला शेवटचा. लाल शिरस्त्राण घातलेला, आडदांड. काकांनी त्याचं नाव ठेवलं लालटोप्या. त्याचं चिलखत जाड, त्यामुळे आधी त्याला खाली पाडायचं आणि उठायच्या आत मानेशी वार करायचा, हा एकच इलाज. काका त्याला पाडायचे सुरेख. इतकं सुरेख मलाही जमलं नसतं. पण लालटोप्याची पाठ जमिनीला टेकली की त्यांचा हात माउसवरून उठलाच.

"काका, आता! मानेवर!"

"पडलेल्याला?"

"तो उठेल!"

"उठू दे. मर्द असेल तर हात मिळवेल."

तो उठायचा आणि हात मिळवायचा नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे काका शनवाऱ्याच्या जिलेबीवाल्याकडे शब्द देऊन बसले होते. ज्या दिवशी लालटोप्या हरेल त्या दिवशी मंडळींना मावा जिलेबी त्यांच्याकडून. मंडळी रोज चौकशी करत. "क्यों वस्ताद, आज जिंदा लौटे क्या?" काका सांगायचे, "जीत तो गया था. बाद में मरा."

तशात मला पुण्याची नोकरी लागली. आखाजी झाली की निघायचं ठरलं. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. मी आखाजी करून घर सोडणार होते आणि माझ्याबरोबर कॉम्प्युटरही जाणार होता. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते काही वेळ माउसची वायर सरळ करत बसले.

"म्हणजे आखाजीच्या आत लालटोप्याचा फैसला करावा लागेल."

"करू ना. फक्त एकदा मानेवर वार करा."

"बघू," ते म्हणाले. 'बघू' म्हणजे नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

आखाजीच्या संध्याकाळी ते धुतलेला सदरा घालून आले. आईने पुरणपोळीचं ताट वाढलं होतं, ते म्हणाले, "आधी फैसला." माझी बॅग भरून खोलीतच आडवी पडली होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि प्रथमच काहीही उभं न करता खुर्चीत बसले.

त्या दिवशी ते काय खेळले! एकही पाऊल वाया नाही. लालटोप्याचा वार वाकून चुकवला, पाय रोवला, कंबर वळवली, आणि तो धिप्पाड गडी पाठीवर पडला. त्याची तलवारही दूर घरंगळली. मी उठून उभी राहिले. मी, जी रिक्षावाल्यालाही हळू आवाजात पत्ता सांगते.

"मारा काका! मारा!"

आतून आई धावत आली.

काकांनी तलवार खाली टाकली. डाव्या हाताच्या पकडीचं बटण दाबलं, लालटोप्याचा दंड धरला आणि उचलू लागले. गेममध्ये अशी सोयच नाही. तो ओल्या गोणीसारखा लोंबायचा, निसटायचा. काका पुन्हा पाय रोवायचे, पुन्हा धरायचे. कपाळावर घाम आला होता. "चल," ते पुटपुटत होते, "उठ. उठ ना. धरलंय मी."

आणि तो उठला. आता मारणार म्हणून मी डोळे बारीक केले. पण त्याच्याकडे तलवार नव्हती आणि काकांनी पकड सोडली नव्हती. दोघं एकमेकांवर रेलले, खांद्याला खांदा लागला, आणि दोघांचं वजन एकमेकांवर तोललं गेलं. कोणी पडेना, कोणी मारेना. नुसते डुलत उभे.

"काका, हे जिंकणं नाही," मी हळूच म्हटलं.

"हरलोय का?"

"नाही."

"मग राहू दे असंच. बंद नको करू."

आम्ही तिघं बघत राहिलो. बोट त्यांनी बटणावरून काढलं नव्हतं.

"मी जसोंडीला गेलो होतो," काका स्क्रीनकडेच बघत म्हणाले. "कुस्त्यांची दंगल होती. मला पंच बसवलं होतं. दिवसभर दुसऱ्यांची पाठ टेकली का नाही ते बघत होतो मी. आणि तुझी काकू इकडे चुलीपाशी घसरून पडलेली. दुपारपासून. शुद्धीवर होती. हाका मारल्या असतील. मी आलो तेव्हा म्हणाली, आलात का, मला जरा उठवा."

आईने पदर तोंडाला लावला. मी माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावून बसले.

जरा वेळाने काका म्हणाले, "वहिनी, पोळी गार होऊन राहिली असेल," आणि बोट उचललं. पकड सुटली तरी पडद्यावरचे दोघं थोडे डुलले आणि तसेच उभे राहिले.

जेवताना त्यांनी जाहीर केलं की मंडळींना जिलेबी ते उद्याच खिलवणार. "कोण जिंकलं विचारलं तर?" आईने विचारलं. "सांगेन, बराबरीत सुटली."

निघताना ते माझ्या खोलीत आले. आडवी पडलेली बॅग त्यांनी दोन्ही हातांनी उभी केली, चाकं सरळ केली, हलवून पाहिली.

"पोहोचली की फोन कर."

"हो काका."

दारापर्यंत जाऊन ते परत वळले.

"पडली-बिडली तर पण कर. पहिला मला कर."