कशात उघडू?

आमच्या आंधळगावच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर कुठलीही फाईल उघडायला गेलं, की आधी प्रश्न यायचा: 'ही कशात उघडू?' रोज, प्रत्येक फाईलला. हे पाप निमजेबाबूंचं.

निमजेबाबू आमचे लिपिक. शाळा सुटली की घरी हातमागावर बसणारे. भंडाऱ्याच्या बसस्टँडजवळून त्यांनी कसलीशी सीडी आणली. कुठली फाईल कुठल्या सॉफ्टवेअरनं उघडायची, याच्या ठरलेल्या जोड्या बदलणारा एक चिमुकला प्रोग्रॅम तिच्यात होता. बाबूंनी जोड्या बदलल्या नाहीत, साफ पुसून टाकल्या. मी संध्याकाळी सगळं नीट लावून जायची. सकाळी मशीन सुरू झालं की तो मेला प्रोग्रॅम पुन्हा पुसून मोकळा.

"बाबू, हे काय चाललंय?" मी ओरडायची.

"पयले इचाराचं, मंग उघडाचं. घाई कायले जी मॅडम?"

मग ते चष्मा पुसायचे, आणि साडीच्या काठाला रंग निवडावा तसं यादीतलं एक नाव निवडायचे. साधं हजेरीपत्रक उघडायलासुद्धा! माझं डोकं भणभणायचं.

सहामाहीला मात्र कहर झाला. मराठीचा पेपर जुन्या फॉन्टमधला. बाबूंनी तो, जिथं हा फॉन्ट लागतच नाही त्या नोटपॅडमध्ये उघडला आणि न बघता छापला. सातवीच्या हातात पडली ती नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. एका पोरीनं तर खाली प्रामाणिकपणे लिहिलं, 'उत्तर येत नाही.' परीक्षाप्रमुख मी, त्यामुळे मुख्याध्यापकांची बोलणी मी खाल्ली.

त्याच दुपारी बाबू डबा खायला गेले आणि मी तो प्रोग्रॅम मुळासकट काढून टाकला.

ते परत आले. हजेरीपत्रकावर टिचकी मारली. फाईल सरळ उघडली. त्यांनी बंद करून पुन्हा टिचकी मारली. पुन्हा उघडली. मी भांडायच्या तयारीत उभी.

"यानं बी नाही इचारलं," ते म्हणाले.

"यानं बी म्हणजे?"

"माह्या घरचा माग पोरायनं इकला जी. मी इथं ड्युटीवर होतो. घरी गेलो त मागाच्या जागी मोटरसायकल उभी." ते पडद्याकडेच बघत होते. "बायको गेली तवापासून घरात मले कोणी काई इचारत नाही. भाजी कोणती आणू, हे बी नाही. हे मशीन तेवढं इचारत होतं."

त्या पोरांचा मला असा संताप आला, की समोर असते तर कानफटातच दिली असती. बाबूंवरचा राग काही गेला नव्हता. पेपर पुन्हा छापायचाच होता. मी दुसरी खुर्ची ओढून बसले आणि पेपरच्या फाईलवर बोट ठेवलं.

"बाबू," मी तावातावानंच विचारलं, "ही कशात उघडू?"

त्यांनी चष्मा काढला. या वेळी पुसायला जरा जास्तच वेळ लागला.

"थांबा जी," ते म्हणाले. "पाहू द्या."