प्रभारी आत्या

चिवळे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या जीपला उचक्या लागत, पण त्या फक्त फोर-व्हील लोमध्ये, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या सगळ्यात संथ गिअरमध्ये घातल्यावर. डांबरी रस्त्यावर ती शहाण्यासारखी चाले. घाटाच्या पायथ्याशी डांबर संपलं, की ड्रायव्हर सर्जेराव धुमाळ छोटा दांडा ओढून तिला लोमध्ये घालत. मग दोन-चार वळणं गेली की पेडलला पाय लागलेला नसतानाही इंजिन एकदम उसळे, गाडी हातभर पुढे जाई आणि काही झालंच नाही अशी चालू लागे. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

तालुक्याच्या मेकॅनिकनं अ‍ॅक्सिलरेटरची केबल बदलली, एअर फिल्टर बदलला, डिझेलची टाकी धुतली. फरक पडला नाही. शेवटी एकदा मागच्या बाकावर बसलेल्या, घाटावरच्या ढेबेवस्तीच्या ठकूबाईच वैतागून म्हणाल्या, "आवं, कुनीतरी आठवन काढतंय तिची. नाव घ्या की."

सर्जेरावांनी आठवून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी नाग चावलेल्या सोपान उघडेला याच गाडीतून खाली आणलं होतं. त्यांनी सोपानचं नाव घेतलं आणि इंजिन उसळायचं थांबलं.

तेव्हापासून सर्जेरावांनी एक वही केली. वरच्या वस्त्यांवरून ज्याला ज्याला गाडीनं दवाखान्यात पोचवलं, त्याचं नाव वहीत. अशी एक्केचाळीस नावं झाली. उचकी लागली की सर्जेराव वरून खाली एकेक नाव घेत, आणि सातव्या-आठव्या नावाला ती थांबे. लोमध्येच का, यालाही त्यांच्याकडे उत्तर होतं. आठवणी पायी चालत येतात, जोरात पळणाऱ्या गाडीला त्या गाठू शकत नाहीत.

खुद्द सर्जेरावांना वर्षाकाठी एखादी उचकी लागे, तीही मिरचीच्या ठेच्याची. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. सोळा वर्षं या गाडीचं चाक हातात मिळालं, हेच त्यांना फार होतं. वर कुणीतरी भाकरी थापताना किंवा शेरडं राखताना या पत्र्याच्या डब्याची आठवण काढतंय, या विचारानं भर घाटात त्यांचे डोळे भरून येत. मग ते गाडी थांबवून काच पुसत, खरं म्हणजे डोळे पुसत.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि जिल्ह्याच्या यांत्रिकी विभागाचं पत्र आलं. ज्या वाहनाचा दोष उलगडत नाही ते भंगारात काढायचं, असा नियम होता. दोष उलगडलेला असेल, तर तो कितीही मोठा असो, वाहन ठेवता येत होतं. जीप गेली तर दुसरी मिळणार नव्हती, कारण नव्या गाडीसाठी कागदावर रस्ता दाखवावा लागतो आणि ढेबेवस्तीला रस्ता नव्हता. जुनी गाडी तिथे नुसत्या सवयीनं जात होती. ती गेली की आजारी माणूस पुन्हा घोंगडीच्या झोळीत घालून चार तास खाली आणायचा.

फेब्रुवारीत उपअभियंता प्रमिला उदगीरकर तपासणीला आल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये मोजायची टेप.

"दोष काय आहे, धुमाळ?"

"दोष न्हाई मॅडम. उचकी हाय."

"कारण?"

"आठवण."

मॅडमनी 'कारण : स्मरण (चालकाच्या म्हणण्यानुसार)' असं लिहिलं. "माझ्यासमोर नाव घेतल्यावर थांबली, तर दोष उलगडला असं मी लिहीन. नाही थांबली, तर आजची फेरी शेवटची."

"थांबंल. मॅडम, तुम्हाला लागली तर तुम्ही कुणाचं नाव घेता?"

"मी पाणी पिते," मॅडम म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

गाडीत मागे ठकूबाई होत्या, मांडीवर हरभऱ्याची पिशवी घेऊन. नऊ दिवसांपूर्वी त्यांच्या सुनेला घेऊन गाडी खाली येत होती, पण नात दवाखान्यापर्यंत थांबली नाही. ती गाडीतच झाली, वरच्या घोरपडीच्या वळणावर. आता बाळबाळंतीण घरी होती, गुरुवारी बारसं होतं आणि ठकूबाई घुगऱ्यांचे हरभरे आणायला बाजारात गेल्या होत्या. मॅडमनी त्यांची नोंद 'परतीचे लाभार्थी, एक' अशी केली.

घोरपडीच्या वळणावरच उचकी लागली. तिथे एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खोल दरी आणि वळण इतकं आखूड, की गाडीचं तोंड दरीवर काढूनच वळावं लागे. इंजिन उसळलं. सर्जेरावांनी ब्रेकवर पाय रोवला, तरी गाडी मुरमावरून घसरत पुढे गेलीच.

"सोपान उघडे," सर्जेराव शांतपणे म्हणाले. गाडीनं पुन्हा उचकी दिली.

सातवं नाव झालं, आठवं झालं, विसावं झालं. सर्जेरावांच्या कपाळावर घाम आला. एक्केचाळिसावं नाव घेऊन झालं आणि गाडी आणखी एकदा उसळली. मॅडम खाली उतरल्या आणि बंपरपासून कड्यापर्यंत टेप धरली.

"दोन फूट अकरा इंच. एका उचकीला किती जाते?"

"फूटभर."

"मागे घ्या."

"उचकी पुढंच लागते, मॅडम."

"मग बंद करा."

"हितं उतार पुढं, दरीकडं हाय. इंजिन बंद केलं तर ब्रेक एकटा पडंल, आन् त्याचं वय झालंय."

मॅडमनी वही हातात घेतली. एक्केचाळीस ओळी भरलेल्या होत्या. बेचाळिसाव्या ओळीवर नुसता आकडा होता, पुढे कोरं.

"हे कोण?"

सर्जेराव ओशाळले. जी ओळ त्यांनी स्वतः मोकळी ठेवली, तीच त्यांच्या ध्यानातून गेली होती. "ह्या आजींची नात. नाव ठेवायचंय अजून, म्हणून लिवलं न्हाई."

"तीच काढतीया आठवन," ठकूबाई म्हणाल्या. "हितंच तर झाली. दुसरं तिनं जगात बघितलंय काय?"

गाडी उसळली. मॅडमनी मोजलं. एक फूट दहा इंच.

"मग ठेवा नाव. आत्ता."

"मी कशी ठिवू? मान आत्याचा. माझी लेक पनवेलात हाय, बेस्तरवारी यायची."

मॅडमनी टेप गुंडाळली. नोकरीत वीस वर्षं काढल्यावर माणसाला काही प्रश्न आपोआप सुचतात. "आत्या गैरहजर असेल तर तिचा कार्यभार कोणाकडे असतो?"

"तवा कोन बी बाईमानूस चालती. पर तेवढ्यापुरती."

"म्हणजे प्रभारी."

"व्हय. तीच."

"तोंडी चालणार नाही."

वहीचं मागचं पान फाडून मॅडमनी आदेश लिहिला : श्रीमती प्रमिला उदगीरकर यांची नियमित आत्या हजर होईपर्यंत प्रभारी आत्या म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे. ठकूबाईंनी खाली उतरून, बॉनेटवर कागद ठेवून, साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही केली. बॉनेट थरथरत असल्यामुळे सही जरा लांबली.

"नाव काय ठिवताय?" ठकूबाईंनी विचारलं.

"एक शिल्लक आहे," मॅडम म्हणाल्या. "आईनं माझ्यासाठी ठरवलं होतं. आत्यानं ऐनवेळी कानात दुसरंच सांगितलं. तेव्हापासून पडून आहे, कुणी वापरलेलं नाही." मग त्या सर्जेरावांकडे वळल्या. "गाडीचा कान कुठला?"

"डावा आरसा. उजव्याला काच न्हाई."

मॅडम दरीच्या बाजूनं, एका हातानं टप धरून, डाव्या आरशापाशी गेल्या. पदर सावरला. आरशाशी तोंड नेऊन त्यांनी "कुर्रर्र" केलं आणि हळूच म्हणाल्या, "वेणू."

बारशाच्या रीतीप्रमाणे ठकूबाईंनी त्यांच्या पाठीत बुक्के घातले. अधिकारी बाई आहे म्हणून पहिले दोन बेतानं घातले, तिसरा मात्र चांगलाच बसला. सर्जेरावांना ब्रेकवरचा पाय उचलता येत नव्हता, त्यांनी बसल्या जागेवरून दाराच्या पत्र्यावर थापा मारल्या.

इंजिन थांबलं नाही, पण उसळायचं थांबलं. एका लयीत घुरघुरू लागलं. मॅडमनी शेवटचं माप घेतलं, एक फूट दहा इंचच भरलं. ते त्यांनी लिहून ठेवलं, आणि मग बराच वेळ आरशावरचा हात काढला नाही.

"मॅडम," सर्जेराव म्हणाले, "लई उपकार झाले." आणि ते बसल्या जागेवरूनच काच पुसू लागले.

वस्तीवर पोचल्यावर ठकूबाईंनी मॅडमच्या ओटीत खण आणि ओंजळभर हरभरे घातले. मॅडमनी मुलीला मांडीवर घेतलं. ती जागी होती, बघत होती आणि तिला काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही. गुरुवारी खरी आत्या आली, तिनं आदेश वाचून घेतला आणि तेच नाव कायम केलं. बेचाळिसावी ओळ भरली.

अहवाल चार ओळींचा होता. दोष : इंजिनाची उसळी. कारण : स्मरण. उपाय : नाव घेणे. वाहन सेवेत ठेवावे.

एप्रिलमध्ये आरोग्य केंद्रात सर्जेरावांच्या नावे एक सरकारी पाकीट आलं. सर्जेरावांनी हात धुतले आणि गाडीला टेकून, तिलाही ऐकू जाईल अशा बेतानं, वाचलं :

'दिनांक ९ रोजी दुपारी चार वाजता, बैठक चालू असताना, खाली सही करणारीस उचकी लागली. वेणूचे नाव घेतले. पहिल्याच वेळी थांबली. पाणी लागले नाही. माहितीसाठी.'