सर्वश्रेष्ठ कोण? अस्वल की वानर?

एका जंगलात, बाळांनो, बॉक्सिंगचं फार वेड होतं. खेळायचं नव्हे हं. बोलायचं.

त्या जंगलाने दोन मोठे बॉक्सर पाहिले होते. एक दाजीबा अस्वल. त्याचा ठोसा खाऊन एकदा रानरेडा खाली बसला होता आणि आपण इथे कशाला आलो होतो, असं शेजाऱ्यांना विचारत होता. दुसरा गुणाजी वानर. तो इतका चपळ, की समोरचा बिचारा हवेलाच मारून मारून दमायचा.

पण या दोघांची गाठ रिंगणात कधी पडली नाही. दाजीबाने खेळ सोडला तेव्हा गुणाजी अजून आईच्या पोटाला चिकटून हिंडत होता.

आता गुणाजीही म्हातारा झाला होता. दोघांचं छान जमायचं. दुपारी ते जांभळीखाली बसत. गुणाजी वर चढून जांभळं टाकायचा, दाजीबा मधाचं पोळं आणायचा. बॉक्सिंगचा विषय कधी निघत नसे. गुडघ्यांचा निघे.

एके दिवशी कोल्ह्याने पाणवठ्यावर जाहीर केलं, "आजवरचा सर्वश्रेष्ठ बॉक्सर म्हणजे दाजीबा!"

कोल्ह्याने जन्मात कुणाला ठोसा मारला नव्हता. एकदा खेकड्याने त्याला नांगी लावली होती, तेवढाच त्याचा अनुभव. म्हणून सगळे त्याला तज्ज्ञ म्हणत.

"काहीतरीच!" साळिंदरबाई म्हणाल्या. "गुणाजीच्या पायांची हालचाल पाहिलीत का कधी?"

साळिंदरबाईंशी खेळायला कुणी धजावत नसे. त्यामुळे त्याही तज्ज्ञ झाल्या होत्या.

"गुणाजीने हरवलं कोणाला? मोरांना!"

"आणि दाजीबांनी? रानरेड्याला! तो तर उभ्या उभ्या झोपतो!"

झालं. जंगलात दोन तट पडले. अस्वलवाले पाणवठ्याच्या या काठावर, वानरवाले त्या काठावर. हरणांच्या घरातलं एक ठरलेलं लग्न मोडलं, कारण नवरदेवाचे मामा म्हणाले की गुणाजीचा डावा ठोसा हा काही खरा ठोसा नव्हे.

मग कोल्हा दाजीबाकडे गेला. "तुम्ही त्या वानराबरोबर जांभळं खाता, हे आम्हाला बरं दिसत नाही."

"का रे बाबा?"

"आम्ही तुमच्यासाठी भांडतो आणि तुम्ही त्याच्याशी गप्पा मारता?"

दाजीबा हसला. पण कौतुक रोज कानावर पडू लागलं, की ते मुरतं. एका दुपारी जांभूळ चोखता चोखता तो बोलून गेला, "गुणा, तू नाचायचास झकास. ठोशात मात्र दम नव्हता."

गुणाजी फांदीवर थांबला. "तुमच्या ठोशात दम होता, दादा. फक्त तो लागेपर्यंत समोरच्याला वाट पाहावी लागायची."

दुसऱ्या दिवशी जांभळीखाली कुणी आलं नाही. दाजीबाला या वयात झाडावर चढवत नव्हतं. गुणाजीला मधमाश्यांची भीती वाटायची. दोघंही आपापल्या जागी उपाशी नव्हते, पण जेवण गोड लागेना.

शेवटी तज्ज्ञांनीच तोडगा काढला. सामना! सगळं जंगल रिंगणाभोवती जमलं. कासव पंच झालं, कारण ते कुठल्याच काठावर वेळेत पोहोचलं नव्हतं.

घंटा झाली. दाजीबाने एक ठोसा मारला आणि त्याला दम लागला. गुणाजीने एक गिरकी घेतली आणि त्याला चक्कर आली. दोघांनी एकमेकांना घट्ट मिठी मारली.

"वा! काय डावपेच!" कोल्हा ओरडला.

मिठीत दाजीबा कुजबुजला, "गुणा, गुडघा कसा आहे?"

"सुजलाय. तुमची कंबर?"

"विचारू नकोस. आणि त्या दिवशी मी जास्तच बोललो रे."

"मीही काही कमी बोललो नाही, दादा. आता असं करा, तुम्ही पडा. मग हे मिटेल."

"मी पडलो तर मला उठवणार कोण? त्यापेक्षा दोघंही बसू या."

आणि ते रिंगणाच्या मधोमध बसले. कासव आकडे मोजू लागलं. त्याचं "एक" म्हणून होईपर्यंत दोघांच्या पोटभर गप्पा झाल्या.

"खरं सांगू?" दाजीबा म्हणाला. "मी कुणाला सांगितलं नाही, पण तरुणपणी मला एकीने आडवं केलं होतं. नदीपलीकडची सोनकी सशीण. नाकावर असा ठोसा दिला, की मी दोन दिवस पोळ्याचा वास घेऊ शकलो नाही."

गुणाजीचे डोळे मोठे झाले. "सोनकी? मलाही तिनेच पाडलं! माझ्या उमेदीत! तेव्हा ती आजी झाली होती, दादा!"

दोघं इतके हसले, की कासव आकडा विसरलं आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग दाजीबा गुणाजीच्या खांद्याला धरून उठला. "मंडळी, वाद मिटला! सर्वश्रेष्ठ मी नाही आणि हाही नाही. सर्वश्रेष्ठ सोनकी सशीण. आम्ही दोघांनीही तिचा मार खाल्लाय."

कोल्ह्याने साळिंदरबाईंकडे पाहिलं. बाईंनी कोल्ह्याकडे पाहिलं. त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"दाजीबा," कोल्हा समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही ठोसे चांगले मारायचात. पण बॉक्सिंगमधलं तुम्हाला काय कळतं?"

"ससे तर आमच्या यादीतच नाहीत," साळिंदरबाई म्हणाल्या.

आणि आधी कोण बसलं, यावर दोन्ही काठांची कडाक्याची जुंपली. पहिल्यांदाच खरेखुरे ठोसे पडले. कोल्ह्याने साळिंदरबाईंना ठोसा मारला आणि पुढचा आठवडाभर तो पंजातले काटे उपटत बसला.

दाजीबा आणि गुणाजी तोवर नदी ओलांडून सोनकीकडे पोहोचले होते. ती पणतवंडांना गाजरं वाटत होती. तिने दोघांना नीट न्याहाळलं.

"माफ करा हं," ती म्हणाली. "ओळखलं नाही. किती जणांना लक्षात ठेवणार? बसा, गाजर खा."

तात्पर्य : सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद रंगवायचा असेल, तर ज्यांनी ठोसे खाल्ले आहेत त्यांना तोंड उघडू देऊ नये. वाद मिटण्याचा धोका असतो.