भास्कररावांची सुई

लग्नाच्या पंगतीत वरणभात कालवता कालवता मेंढीच्या गर्भाशयावर बोलणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या खालापूरचे ढोरडॉक्टर भास्करराव. पानातलं मीठ म्हणजे मेंदू, लोणच्याची फोड म्हणजे बीजकोश. "मास्तर, इथून रक्तातनं तिथं निरोप जातो, की मेंढी माजावर आलीच," असं म्हणत मधली रेघ ते आमटीनं ओढायचे. शेजारचे पाहुणे पानावरून उठले तरी यांना पत्ता नसे.

तेव्हा महायुद्ध चालू होतं. गाव लढाईच्या बातम्या वाचायचं, हे मेंढ्यांच्या. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांना सापडलं, की गाभण घोडीच्या रक्तात हा निरोप भरपूर असतो. तो टोचला तर मेंढ्या एकदमच माजावर येतात, जुळीसुद्धा होतात. झालं. कर्जत स्टेशनावरच्या एका टांगेवाल्याची घोडी गाभण होती. तिचं रक्त काढून, वरचं पिवळं पाणी निवळून, बाटली लेकरासारखी मांडीवर घेऊन स्वारी परतली.

दिवाळीनंतर घाट उतरून आलेल्या धनगरांचा तळ गावाबाहेर पडला होता. त्यातल्या भिवाला त्यांनी पटवलं. त्याची बायको ठकू मात्र धास्तावली. कोकरं खिंकाळली तर काय करायचं, असा तिचा सवाल. धास्ती मलाही होती. मेंढ्या दगावल्या असत्या तर भिवाचं सगळंच गेलं असतं. तरी सुई टोचताना मेंढ्यांचे पाय धरायला मीच.

थोड्याच दिवसांत भास्करराव धोतर सावरत थेट माझ्या वर्गात शिरले. सगळ्या मेंढ्या एकदम माजावर आल्या होत्या आणि भिवाचा एकुलता मेंढा दमून आडवा झाला होता. शाळा सोडून मी दुसरा मेंढा शोधायला निघालो.

चैत्रात मेंढ्या व्याल्या. जुळी झाली, एकीला तर तिळी. भास्करराव कळपात अक्षरशः नाचत होते. ठकूही हसत होती. मग पदर सारखा करून ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "डाक्तर, ही सुई बाईमाणसाला चालंल का वो?"

हा माणूस गप्प झालेला मी प्रथमच पाहिला. चष्मा काढून ते कितीतरी वेळ पुसत राहिले.

"तशी सुई नाही गं अजून," ते म्हणाले. "असती, तर पहिली आमच्या घरी नेली असती."

तिळ्यांतलं सगळ्यात बारकं कोकरू उचलून ठकूनं त्यांच्या हातात दिलं. "न्या ह्याला. आय पाजंना."

कोकरू उपरण्यात गुंडाळून ते निघाले. त्यांची विसरलेली बॅग घेऊन मी मागे. अंगणात पोचल्यावर त्यांनी घरात हाक दिली.

"अगं, वाटीभर दूध कोमट कर. आणि बाहेर ये, बघ कोण आलंय."