दिगूचा पंखा

आमच्या ओरछा गेटच्या गल्लीत जेठ महिन्याच्या उन्हात दिगूकडे जाल तर घाम पुसायला पंचा घेऊन जा. पंखा आहे त्याच्याकडे, पण तो तुमच्यासाठी नाही. तो कॉम्प्युटरसाठी. जुन्या कॉम्प्युटरचा एका बाजूचा पत्रा काढून टाकलाय आणि टेबलफॅन दिवसभर त्याच्या पोटात वारा घालतो. तुम्ही पंख्याचं तोंड जरा वळवलंत की दिगू ओरडतो, "अहो, त्याला ताप आहे! तुम्हाला काय झालंय?"

दिगू माझ्यापेक्षा लहान. कारकुनी करून रिटायर झालेला, एकटा. लग्नाचं जुळत आलं होतं एकदा, राहिलं ते राहिलं. आता गल्लीतल्या लग्नांच्या, बारशांच्या फिल्मा कापून-जोडून देतो. आणि कशा? लिहून! सगळी दुनिया पडद्यावर माउसनं चित्रांचे तुकडे ओढते, इकडचा तिकडे लावते. हा चित्राला हातच लावत नाही. आधी सगळी फिल्म बघतो. मग 'इथून इथवर ठेव, पुढचं गाळ' असा एकेक हुकूम ओळीनं टाइप करतो, बटण दाबतो आणि चहा ठेवतो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळतात. चहा होतो, भाजी होते, जेवणही होतं, मग कुठं फिल्म निघते.

"यंत्राला सांगायचं असतं अण्णा, ओढायचं नसतं," हे त्याचं पालुपद. दारातली गाय हटवतानाही हेच म्हणतो. गाय हटत नाही.

माझा भाचा सोनू, त्याचा सिविल लाइंसमध्ये स्टुडिओ आहे. त्यानं एकदा दया येऊन दिगूच्या कॉम्प्युटरवर माउसवालं सॉफ्टवेअर घातलं. "काका, अब देखो." बघितलं. पडद्यावर नवरदेवानं लाडवासाठी आ केला आणि तो आ दुपारभर तसाच राहिला.

दिगूनं कॉम्प्युटरच्या पाठीवर हात फिरवला. "म्हाताऱ्याला कुणी डोंगर चढवतं का रे?"

"तो नया ले लो ना, काका!"

"हा चालतोय की."

"चलता कहाँ है, रेंगता है!"

सोनूचंही खरं होतं. दिगूला फिल्म निघेपर्यंत काही दिसत नाही. एकदा आकडा चुकला आणि एका बारशाची फिल्म निघाली ती नुसती दारातल्या चपलांची. मी चौथीतून शाळा सोडली, पण जन्मभर कारखान्यात लोखंड कापलंय. कापण्यातलं मला कुणी शिकवू नये.

तर यंदा माझ्या नातीचं, गुड्डीचं लग्न झालं. सासर गरौठ्याचं, व्याही बुंदेली, पण मंगलाष्टकं आमच्या पद्धतीनं. मी जाहीर केलं, पहिलं अष्टक मी म्हणणार, आणि कागद घेणार नाही. तिसऱ्या ओळीत अडकलो. हार मानणं माझ्यात नाही, तेव्हा अंगात होतं तेवढं बळ लावून एकदम "सावधान!" ठोकलं. बँडवाल्याला वाटलं, झालं. त्यानं वाजवायला घेतलं, व्याह्यांनी होत्या तेवढ्या अक्षता उधळल्या, अंतरपाट खाली आला, हार पडले. आमच्या घरच्या बायका आपापल्या अष्टकांचे कागद हातात धरून उभ्याच. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

रविवारी फिल्म गरौठ्याला सगळ्या सोयऱ्यांपुढं लागणार होती. फिल्म कापायला दिगूकडेच होती. मी तडक त्याच्याकडे.

"माझं अडकणं काढून टाक."

"नाही काढणार."

"सोनू वरून फिल्मी गाणं टाकून देतो म्हणतोय."

"मग जा सोनूकडे."

"अरे, नातीच्या सासरी हसतील मला!"

"हसतील," दिगू म्हणाला. "पुसायची काय, हुकमाची एक ओळ आहे. पुसतो. आधी एकदा बघा."

कॅमेरा अंतरपाटाच्या पलीकडे, गुड्डीच्या बाजूला होता. माझा आवाज अडकला, आणि ही पोरगी, जी माझ्याशी कधी 'दादाजी, चाय' याच्यापुढं काही बोलली नाही, मराठीत तर एक शब्दही नाही, ती डोळे मोठे करून अंतरपाटाकडे बघत पुढचे शब्द ओठांनी सांगत होती. सबंध ओळ. बरोबर. मी अंगणात घोकत बसायचो तेव्हा वेणी घालता घालता ऐकत असणार. अलीकडे उभा मी, मला काय दिसणार!

मी चष्मा पुसला. घामानं, दुसरं काही नाही.

"राहू दे," म्हटलं. "हसू देत."

"सोनूनंही ठेवलं असतं हे," दिगू म्हणाला. "पण त्याला सगळं बघत बसायला वेळ कुठला? मला वेळच वेळ आहे." मग म्हणाला, "अण्णा, ते अष्टक एकदा पूर्ण म्हणता?"

"आत्ता? इथं?"

तो उठला आणि पंख्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं.

मी उभा राहून म्हटलं. कागदाविना, कुठंही न अडकता. शेवटी 'सावधान' म्हटलं आणि बघतो तर दिगूनं डोळे मिटून मान खाली घातली होती, अक्षता पडताना नवरदेव घालतो तशी.

हाताशी तांदूळ नव्हते. नाहीतर टाकले असते.